भांग

आम्ही कांद्याच्या गावात राहतो.
ओंटारिओ, ऑरेगन. सप्टेंबरात ट्रकमधून उडालेली सालं
रस्त्यावर, कुंपणावर,
एकदा तर कुमुदच्या चष्म्यावर येऊन बसली.
पलीकडे बटाट्याचं राज्य, गाड्यांच्या नंबरपाट्यांवर तसं लिहिलेलंच असतं.
मध्ये स्नेक नदी, आणि तिच्यावर
खोकला येऊन जाईपर्यंत संपणारा पूल.

बाटली अंगठ्याएवढी.
सकाळी जिभेखाली चार थेंब, रात्री सहा.
तेवढ्यावर तिच्या पोटऱ्यांतला पीळ सुटतो,
बोटं पुन्हा तिची तिला मिळतात.
डॉक्टर हालबर्गनी सही केली, सरकारने कार्ड दिलं.
कार्डावर कुमुद हसते आहे,
वाचनालयाचं असावं तशी.

पुलाच्या मध्यावर कुठेतरी,
पाण्यावर काहीही आखलेलं नसताना,
हीच बाटली गुन्हा होते.
थेंब तितकेच. चव तीच,
कापलेल्या गवताची, जरा कडसर.

वेंडेल ऑस्ट्रँडर तिसऱ्या घरात राहतो.
चाळीस वर्षं शेतांतून पाण्याचे पाइप ओढले, मणके झिजले.
नातवाचा बेसबॉलचा सामना बघायला निघाला होता.
मागचा दिवा लागत नाही म्हणून अडवलं त्याला.
आणि त्याने स्वतः होऊन खिशातून कार्ड काढलं,
आपण होऊन सांगितलं की निभावतं
अशा शाळेत शिकलेला माणूस.
पोलीस पोरगेलासा. म्हणाला, "सर, हे इथे नुसतं प्लॅस्टिक आहे."
बेड्या मात्र सैल घातल्या. वेंडेल ते आजही आवर्जून सांगतो.

पहाटे मी पेयेटला जाऊन जामीन भरला.
परतताना गाडीत तो एकदाच बोलला,
"जिंकलं कोण, ते विचारायचं राहिलं."

तर शाल्मलीचा फोन.
बॉयसीहून, सात वर्षांचा आवाज:
"आजी, उद्या शाळेत फोटो आहे. तू ये. आई वाकडा भांग पाडते."

कुमुद हसली. मग बाटलीकडे बघत राहिली.
"भांग," म्हणाली. "आपल्याकडे एकच शब्द, नाही का हो?
केसांतली रेघही तीच, आणि हेही तेच."
माझे एक काका शिवरात्रीला पितळी पेलाभर घ्यायचे
आणि रात्रभर ओट्यावर बसून पावकी-निमकी म्हणायचे.
शेजारी दारं लावून घेत, एवढीच शिक्षा.

बाटली नेली नाही.
पुलाअलीकडच्या पेट्रोलपंपावर गाडी उभी केली,
तिने सहा थेंब घेतले, रुमालाने ओठ पुसले,
बाटली घेऊन मी घरी परत गेलो,
फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा तिला न्यायला आलो.
(सरळ घरीच का नाही घेतले? दोघांनाही सुचलं नाही.
भीतीने माणूस मूर्ख होतो, म्हातारा असेल तर जास्तच.)
पोटातल्या थेंबांना कुणी विचारत नसावं, एवढीच आशा.
पुलावर मी ताशी पंचावन्नने चाललो होतो,
मागचे ट्रक हॉर्न देत होते.

लेकीचं स्वयंपाकघर. स्टुलावर शाल्मली.
कुमुदने फणीच्या टोकाने कपाळापासून रेघ धरली.
सुरुवात सुरेख, ओळंब्याने पाडावी तशी.
टाळूपाशी हात थांबला,
थरथरला,
रेघ केसभर डावीकडे सरकली आणि मग पुन्हा सावरली.

"सरळ आहे?" पोरीने विचारलं.
कुमुद माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, "आहे. नदीइतका सरळ."
"नदी कुठे सरळ असते, आबा?"

भिंतीवर पावणेचार.
अजून रिबिनी बांधायच्या होत्या, दोन.
बाटली फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी,
छप्पन्न मैल आणि एक पूल लांब.